आपला भिडू कोण?

लगोरी आठवते ना? सात ठिकऱ्या चेंडूने फोडायच्या आणि पुन्हा रचायच्या. एक भिडू रचतो, बाकीचे चेंडू चुकवत त्याला सांभाळतात. एकट्याला लगोरी लावता येत नाही. खेळात एखादं लहानगं असलं, तर ते लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, पण त्याला खेळातून कोणी काढतही नाही.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. तिथे ताप येतो, बाळंतपण येतं, उचल फिटत नाही. तेव्हा हाक कोणाला मारणार? निघण्यापूर्वीच दोन भिडू ठरवा: एक भट्टीवरचा, एक पाड्यावरचा. आणि अगदीच थकलात, तर चार दिवस लिंबूटिंबू व्हा. त्यात लाज कसली?