थकबाकी नाही



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटाची बँकेशी फोनवर बैठक झाली. पापडाच्या यंत्रासाठी कर्जाचा अर्ज होता. साहेबांनी विचारलं, जुनी थकबाकी आहे का? आमच्या सचिव ताई म्हणाल्या, "थकबाकी नाही." आवाज तुटत होता. तिकडे पोचलं एवढंच, "थकबाकी..." साहेबांनी तसंच टिपून घेतलं आणि अर्ज आठ दिवस अडकला.

राग निघाला ताईंच्या भाच्यावर. तो पुण्याहून कन्सोल घेऊन आला होता. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा. ताईंच्या फोनच्या हॉटस्पॉटवर तो पुण्यातल्या मित्रांशी खेळायचा. आम्ही सगळ्याजणी त्याला बोल लावायला गेलो. पोरगं रडकुंडीला आलं. मग मात्र खाली बसून त्याच्याकडूनच समजून घेतलं. आधीच घ्यायला हवं होतं.

पाण्याचं उदाहरण घेऊ. ताईंचा पॅक रोज दीड जीबीचा, ती झाली टाकी. सेकंदाला किती डेटा वाहू शकतो, ती तोटी. तिलाच बँडविड्थ म्हणतात. त्यातही येणाऱ्या डेटाची तोटी मोठी, जाणाऱ्याची बहुधा लहान.

खेळ स्वतः फार डेटा खात नाही. कोण कुठे उभा आहे, कुणी कोणतं बटण दाबलं, असे बारीक निरोप जातात. पण ते वेळेवर पोचावे लागतात. उशीर झाला की मुलं 'लॅग' म्हणून ओरडतात. बोलणंही हलकंच. सेकंदाला 64 किलोबिट धरले तर एका बाजूने तासाला 29 एमबी. चित्र जड. 600 किलोबिट धरले तर तासाला 270 एमबी, येणारं-जाणारं मिळून 540. भाचा खेळताना शेजारी आपला मोबाईल उभा करून मित्राशी व्हिडिओ कॉल लावायचा, तोही त्याच हॉटस्पॉटवर. दोन तासांत एक जीबीच्या वर गेलं!

टाकी संपली की बऱ्याच पॅकांत वेग 64 किलोबिटवर येतो. तेवढ्या चिंचोळ्या तोटीतून आम्ही पाचजणी तोंडं दाखवत बैठकीला बसलो होतो. 'नाही' तिथेच गळालं. म्हणजे चूक एकट्या पोराची नव्हती.

मायक्रोसॉफ्टने 2002 मध्ये अमेरिकेत एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केलं, तेव्हा त्याला ब्रॉडबँडच लागायचं. बोलायला हेडसेट पहिल्यापासून मिळायचा. व्हिडिओ गप्पांचा कॅमेरा आला 2006 मध्ये. आवाज आधी, चित्र मागाहून.

हेडसेटवर कोण अनोळखी बोलतं, ही ताईंची काळजी वेगळी, आणि खरी. भाच्याने सेटिंग बदलून दाखवलं, आता फक्त ओळखीच्या मित्रांचाच आवाज येतो.

पुढच्या बैठकीच्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल लावला नाही. खेळला, गप्पाही मारल्या. संध्याकाळी आम्ही सुरुवातीला दोन मिनिटं कॅमेरा लावून साहेबांना चेहरे आणि गटाचं रजिस्टर दाखवलं, मग बंद केला. आवाज स्वच्छ गेला. तरी ताई तीनदा म्हणाल्या, "थकबाकी नाही, नाही, नाही." साहेब हसले. अर्ज पुढे गेला.