जुन्या संगणकास नवी स्मृति

माळ्यावरून उतरविलेला तीस वर्षांपूर्वींचा संगणक चालू केला, म्हणजे प्रथम ऐकूं येतो तो त्याच्या हार्ड डिस्कचा आवाज. एके काळीं ती संथ गुणगुण असे. आतां तींत खडखड मिसळलेली असते. आंतील तबकडी मिनिटाला ३,००० हून अधिक फेरे घेते, आणि माहिती वाचणारें टोंक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. बेअरिंग झिजलें किंवा टोंक तबकडीला चिकटलें, कीं एके दिवशीं तो आवाज बंद पडतो. आणि त्याबरोबर कोणाच्या वडिलांचीं पत्रें, कोणाचा अर्धा राहिलेला प्रबंध नाहींसा होतो.

यावर उपाय आहे. फ्लॅश स्मृतींत फिरणारा एकहि भाग नसतो. माहिती विद्युत्-भाराच्या रूपानें सांठविलेली असते. परंतु बाजारांतून सर्वांत मोठें व स्वस्त कार्ड उचलून आणणें, येथेंच पुष्कळांची चूक होते. निवड करावयाची ती यंत्राकडे पाहून.

पहिला प्रश्न जोडणीचा. १९८३ च्या आय.बी.एम. पीसी-एक्सटींत १० मेगाबाइटची डिस्क असे व तिचें नियंत्रण निराळ्या बोर्डावरून होई. तेथें नवें कार्ड सरळ बसत नाहीं. स्वतःचा रॉम असलेला आय.डी.ई. बोर्ड अगोदर बसवावा लागतो. पुढें घरोघरीं आलेल्या ४८६ जातीच्या संगणकांत बहुधा आय.डी.ई. जोडणीच असते. सॅनडिस्कनें १९९४ मध्यें आणलेलें कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड हीच भाषा जाणतें, म्हणून त्यास केवळ तारेस तार जोडणारा साधा अडॅप्टर पुरतो. एस.डी. कार्डास मात्र मध्यें दुभाषी चिप लागते, आणि ती चांगली नसेल तर यंत्र अडून बसतें. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसची जोडणी स्कझी पद्धतीची, तिच्यासाठीं एस.डी. कार्डास स्कझी डिस्कचें सोंग देणारें वेगळें उपकरण घ्यावें लागतें.

दुसरा प्रश्न आकाराचा. अनेक जुन्या बायोसला १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर यांपलीकडे मोजतां येत नाहीं. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरल्यास ही मर्यादा ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे सुमारें ५२८ मेगाबाइट भरते. अशा यंत्रास ५१२ मेगाबाइटचें कार्ड शोभतें. ३२ गिगाबाइटचें कार्ड म्हणजे घागरींत विहीर ओतण्याचा खटाटोप.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा. फ्लॅशचा प्रत्येक कप्पा पुसून लिहिण्यास मर्यादा असते. एका कप्प्यांत एकच बिट ठेवणारी एस.एल.सी. जात सुमारें एक लाख वेळां तें सोसते. अनेक बिट कोंबणारी स्वस्त जात त्याहून पुष्कळच कमी. शिवाय कॅमेऱ्याचीं कित्येक कार्डें आपली ओळख काढतां-घालतां येणारी वस्तु म्हणून देतात. डॉसला त्याचें कांहीं वाटत नाहीं, पण विंडोज एक्सपीसारखी प्रणाली त्यावर स्थापित होण्यास कुरकुर करते. म्हणून कारखान्यांतील यंत्रांसाठीं बनविलेलें, आपणांस स्थिर डिस्क म्हणविणारें कार्ड दोन पैसे अधिक देऊन घ्यावें.

या सर्वांआधीं एक काम उरकावें. जुनी डिस्क फिरते आहे तोंच तिची संपूर्ण प्रत काढून ती दुसऱ्या संगणकांतहि ठेवावी. कारण वर्षानुवर्षें न वापरलेल्या फ्लॅशमधील भारहि हळूहळू पाझरतो. कार्ड बाजारांत पुन्हां मिळेल. वडिलांचीं पत्रें मिळणार नाहींत.