औषध फुकट मिळतं, मग पैसे कशाला?

(कापणीच्या सणाच्या दुपारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच सभेनंतर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, सरकारी योजनेत कॅन्सरचा उपचार फुकट होतो म्हणतात. मग तुम्ही मंडळीकडे पैसे कशाचे मागता?" प्रश्न रास्त होता. मी घाईत काहीतरी बोलून निघून गेले. आज नीट उत्तर देते.

आजोबांचं खरं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कॅन्सर आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परळचं टाटा रुग्णालय तर १९४१ पासून आहे. रेल्वेच्या स्लीपर डब्यात उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. एकाच माणसाला. आजारी लेकराबरोबर आई आणि बाप दोघं निघतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आता माझी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी आष्टी तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवर सात वर्षांचं पोर आजारी पडलं. ताप हटेना, अंगावर निळे डाग, रात्री पाय दुखतात म्हणून रडायचं. रक्ताचा कॅन्सर निघाला. रेशनकार्डावर पोराचं नाव नव्हतं, ते चढवण्यात आमचे दिवस गेले. मग आपण वर्गणी केली, सगळी रक्कम एकदम बापाच्या हातात दिली, प्रार्थना केली, फोटो काढला. माझ्या मते काम झालं होतं. चार-पाच महिन्यांत पोराला पुन्हा केस आले, ते वस्तीवर गोट्या खेळायला लागलं. आपले पैसे तोवर मुंबईच्या चहा-भाकरीत संपले होते. दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी आली आणि आई-बाप पोराला घेऊन ऊसतोडीला गेले. मला कळलं तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. फडावरच पोराचा ताप उलटला होता. उन्हाळा लागायच्या आत ते गेलं.

मी त्या बापाला मनातल्या मनात फार दोष दिला. नंतर हिशेब मांडला तेव्हा लाज वाटली. मुंबई-पुण्याच्या दात्यांसाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो, आणि ती बहुतेक वेळा पावसाळ्यातच खाऊन झालेली असते. एक जण दवाखान्यात बसला की कोयता अर्धा होतो, उचल मात्र पुरीच्या पुरी फेडायची असते.

आणि लहान मुलांच्या या रक्ताच्या कॅन्सरचा, ल्युकेमियाचा, उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने दवाखान्याजवळ राहावं लागतं. पुढे घरी रोजच्या गोळ्या, वेळोवेळी रक्ततपासणी. पोर बरं दिसतं, पण उपचार संपलेला नसतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक वाचतात, अनेक गरीब देशांत तीससुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच्या कारणांत अर्ध्यावर सुटलेला उपचार हेही एक आहे. आपल्या पारधी पोराच्या बाबतीत औषध होतं, डॉक्टर होते, योजना होती.

म्हणून आता आम्ही एकदम रक्कम देत नाही. गेवराई तालुक्यातल्या एका भिल्ल कुटुंबाची मुलगी सध्या आपल्याकडे आहे. मुंबईत त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, नाहीतर परळच्या फुटपाथवर राहणारी कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. (अशा मुलांना आई-वडिलांसह मोफत ठेवून घेणारी सेंट ज्यूडची केंद्रंही आहेत. नवीन पेशंट आला की आधी या दोन्हीकडे विचारा.) आता ते गावी परतलेत. आपण महिन्याच्या महिन्याला किराणा देतो, तारखेच्या आदल्या दिवशी गाडीभाडं देतो, आणि गावातल्या दुकानदाराकडे रात्रीच्या जीपचे पैसे ठेवले आहेत. या मुलांना ताप आला तर सकाळची वाट पाहता येत नाही. मागे एकदा रात्री दीड वाजता जीप निघाली, पाचोड-आडूळमार्गे पहाटे रुग्णालय गाठलं. त्या रात्री दुकानदार उठला म्हणून बरं.

उचलीवरून मात्र आपल्या समितीत वाद झाला. मुकादमाचं देणं दानाच्या पैशातून फेडायचं का? काहींना ते पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. शेवटी मीच मुकादमाला भेटले. त्याची पोरगीही तेवढीच आहे. त्याने एक हंगाम थांबायचं कबूल केलं. अर्धी रक्कम आपण दिली, बाकी बाप एकटा जाऊन फेडतोय.

तिची आई परवा मला म्हणाली, "सिस्टर, पोरगी हसाया लागली. केस बी आले. आता कशाला न्यायची?" नेमक्या याच वाक्याची मला भीती असते. मी तिच्यासमोर बसून अजून किती महिने गोळ्या आहेत ते भिंतीवर कोळशाने रेघा मारून दाखवले. सोळा रेघा झाल्या.

आजोबा, तुम्ही समोर बसला आहात म्हणून विचारते. मला मोठी देणगी नको. या सोळा महिन्यांसाठी सोळा घरं हवी आहेत, एकेका महिन्याचा किराणा आणि गाडीभाडं उचलणारी. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे आणि त्या महिन्यापुढे अजून कोणाचंच नाव नाही.