साखर चीनला कशी गेली?



आजकाल घरोघरी मोबाईलवर चीनच्या जुन्या राजेरजवाड्यांच्या मालिका पाहतात. त्यांतल्या बाजारात एक फेरीवाला हटकून असतो. त्याच्या खांद्यावर पेंढा बांधलेला दांडा, त्यात लाल फळांच्या काड्या खोचलेल्या. मुलं विचारतात, "गुरुजी, हे काय हो?"

त्याचे नाव थांगहूलू. आंबट लाल फळे बांबूच्या काडीत ओवायची आणि साखरेच्या कडक पाकात बुडवायची. थंडीत पाक काचेसारखा कडक राहतो. म्हणून उत्तर चीनमध्ये हा हिवाळ्याचा खाऊ. सुंग घराण्याच्या एका राजाची आवडती राणी आजारी पडली, वैद्याने तिला ही फळे साखरेत शिजवून दिली आणि ती बरी झाली, अशी आख्यायिका आहे. तो राजा इ. स. ११८९ ते ११९४ गादीवर होता.

आता विचार करा. मालिका हान राजांची असली, म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीची, आणि तीत साखरेचा असा खाऊ दिसला, तर तो खरा मानायचा का? नाही. तेव्हा तिकडे गोडाला मध होता. दुसरा गोड पाक धान्याचा. सातूला मोड आणायचे, ते शिजलेल्या भातात कालवायचे, भात गोड होतो. त्याचा रस गाळून आटवला की काकवीसारखा दाट पाक होतो. अशाच चिकट पाकाची मिठाई पुढे चुलीच्या देवाला वाहू लागले. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी हा देव घरची हकिकत सांगायला स्वर्गात जातो. त्याने गोड बोलावे, नाहीतर तोंड चिकटून गप्प बसावे, हा हेतू!

उसाचा रस चीनला ठाऊक होता. पण चांगली साखर करण्याची विद्या मगधात होती. ह्युएनत्संग हा भिक्षू भारतात राहून इ. स. ६४५ साली परतला. आपल्या महाराष्ट्रातही तो येऊन गेला होता. पुढे ६४७ साली सम्राट थायजुंगने मगधात माणसे पाठवून ती विद्या शिकून घेतली, असे चीनच्या इतिहासात लिहिले आहे. गंमत पाहा, आज उत्तर भारतात साखरेलाच 'चिनी' म्हणतात!

एवढा मोठा सम्राट, पण दुसऱ्याकडून शिकायला लाजला नाही. आपणही लाजू नये. आणि पडद्यावर काही दिसले, की आधी विचारावे : हे कोणत्या सालचे? ज्याला वाचता येते, त्याला हे शोधता येते. त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही, बरं का!