आवडता लेखक बदलतो तेव्हा



‘तुमचा आवडता लेखक कोण?’ असं विचारलं की आपण फारसे अडखळत नाही. पुलं, वपु, जीए, नेमाडे. उत्तर कॉलेजच्या वयात ठरलेलं असतं आणि पॅनकार्डाच्या नंबरासारखं जन्मभर तेच राहतं. ‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न मात्र पंचाईत करतो, कारण त्याचं उत्तर पाठ नसतं. मला विचाराल, तर सध्या माझ्या पिशवीत नाटककार-कथाकार जयंत पवार आहेत. आणि त्यांच्यामुळे माझ्या जुन्या उत्तराला धक्का बसला आहे.

मी नाहूरला राहतो. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधलं, याच शतकात झालेलं स्टेशन. इथे धीमी लोकलच थांबते, त्यामुळे फोर्टात पोहोचेपर्यंत बरीच पानं होतात. अर्थात, बसायला मिळालं तर! आमच्या बाजूच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी कारखान्यांची रांग होती. भोंग्यावर घड्याळं लावणारी घरं होती. आता त्याच रस्त्याला मॉल आहेत, टॉवर आहेत, आणि टॉवरच्या पायथ्याशी सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत कदाचित एखाद्या जुन्या कामगाराचा मुलगा बसलेला असेल.

माझं जुनं उत्तर होतं पुलं, आणि त्यांच्यावर माझा आजही जीव आहे. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालची. गच्चीसाठी आंदोलन करणारी, उपास करणारी, सहलीला निघणारी ती कारकुनी माणसं मी पाठ केल्यासारखी वाचली. शेवटच्या ‘एक चिंतन’मध्ये चाळीच्या जाण्याची चाहूलही पुलंनी घेतली आहे. पण त्या चाळीतल्या माणसांची नोकरी जात नाही. पगार थोडा असतो, तरी एक तारखेला येतो. त्या भरवशावरच तर सगळा विनोद उभा आहे.

पवारांच्या घरात नेमका तो भरवसाच गेलेला असतो. त्यांचं ‘अधांतर’ हे नाटक गिरणी संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाचं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत आमच्या बाजूचे, घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉक्टर. म्हणून गिरणगावाची ही गोष्ट मला परक्या गावची वाटत नाही. नाटकातल्या तीन मुलांपैकी एक क्रिकेटवेडा, एक गुंडगिरीत शिरलेला, आणि थोरला बाबा लेखक होऊ पाहणारा. याच नाटकावरचा महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना कथा ठाऊक असेल. तरी नाटक वाचा. चित्रपटात गुंड मुलगा डोळ्यांत भरतो, वाचताना मात्र मला बाबा छळतो. घरात चूल पेटायची पंचाईत आणि हा साहित्याबद्दल बोलतो! आईला त्याचा राग येतो तेव्हा आपण आईच्या बाजूने होतो, आणि हातात पुस्तक असतं आपल्याच.

‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, हे माहीत असलेल्याला हे नाव वाचतानाच चटका बसतो. माझी एक तक्रारही आहे. पवारांची कथा लांबते. पात्रांमागून पात्रं येतात, काही ठिकाणी योगायोग जरा सढळ हाताने वापरलेले वाटतात. पण संपादकाने कात्री लावायला हवी होती असं म्हणत म्हणतच मी पुढचं पान उलटतो. पवार २०२१च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यावर आणखी लिहायला हवं होतं, असं मला स्वार्थीपणाने वाटतं.

हे सगळं मी आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला रंगवून सांगत होतो. बाईंचं वाचन माझ्या दुप्पट. त्या म्हणाल्या, “नोकरी गेलेल्या पुरुषांचं दुःख पुरे झालं हो. त्या घरांचं भाडं कोण भरत होतं ते विचारा. शांता गोखल्यांची ‘रीटा वेलिणकर’ वाचलीत?” नव्वद सालची ती कादंबरी मी वाचली नव्हती. आता वाचतो आहे. आईवडील आणि बहिणी यांचा भार वाहणारी थोरली मुलगी, विवाहित माणसात गुंतलेली, आणि एक दिवस मनाने कोसळलेली. निवेदन तुटक आहे, मागेपुढे जातं. गाडीत उभ्याने वाचायला अवघड. पण रीटाला भेटल्यावर मी ‘अधांतर’मधल्या मंजूची, त्या घरातल्या मुलीची, वाक्यं पुन्हा काढून वाचली, आणि ती पहिल्या वाचनात मी घाईने ओलांडली होती असं दिसलं. बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांना नेमाडे मुळीच आवडत नाहीत, आणि तो वाद आधी मिटवायचा आहे.