बाळाच्या हृदयातली गाठ



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीचा डॉक्टर काय बोलणार, असे तुम्हाला वाटले असेल. मी एका शब्दाविषयीच बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'गाठ'. मराठीत लग्नगाठ असते, गाठीभेटी असतात. पण दवाखान्यात हा शब्द कानावर पडला की घरात त्याचा एकच अर्थ होतो: कर्करोग. आपल्या सीमाभागात तर अहवाल इंग्रजीत येतो, डॉक्टर अनेकदा कन्नडमधून समजावतात आणि घरी येऊन आपण मराठीत घाबरतो.

मुलांच्या हृदयात गाठ होणे मुळात दुर्मीळ. हृदयातच सुरू झालेल्या अशा गाठींपैकी सुमारे ९० टक्के कर्करोगाच्या नसतात. पण कर्करोग नाही म्हणून काळजी नाही, असेही नव्हे. मुलांत सर्वांत जास्त आढळते ती रॅब्डोमायोमा. या गाठी बहुधा एकाहून अधिक असतात, कधी बाळ पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसतात आणि पहिल्या काही वर्षांत बहुतेकदा आपोआप लहान होतात. दुसरी फायब्रोमा. ती सहसा एकच असते, हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या भिंतीत रुतलेली. ती अशी विरत नाही आणि ठोक्यांची लय बिघडवून जिवावर बेतू शकते. पहिलीत लक्ष ठेवून थांबणे हाच बहुधा उपचार असतो. दुसरीत नुसते थांबणे धोक्याचे ठरते.

मग ओळखायचे कसे? पहिली तपासणी इकोचीच. तिने उलगडा झाला नाही, तर हृदयाचा एमआरआय. यात क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरींना शरीरातले हायड्रोजन अणू प्रतिसाद देतात आणि त्यातून चित्र तयार होते. हृदय सतत हलते, म्हणून ही चित्रे ईसीजीच्या तालावर घेतात. तान्हे मूल स्वस्थ पडून राहत नाही, त्यामुळे बहुधा भूल द्यावी लागते. मग शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. रक्तवाहिन्यांची गाठ औषध पोहोचताच उजळते. फायब्रोमा काही मिनिटांनी ठळक पांढरी दिसते. रॅब्डोमायोमा सहसा तशी उजळत नाही. मुलाला मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तो मात्र आधीच सांगावा.

२०११ साली ४ देशांतल्या १५ केंद्रांमधील ७८ मुलांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. खरे निदान तज्ज्ञांपासून लपवून त्यांना फक्त एमआरआयची चित्रे दाखवली. ९७ टक्के वेळा त्यांनी बरोबर निदान सांगितले, पण ४२ टक्के वेळा सोबत दुसरी शक्यताही नोंदवली. ही दुसरी शक्यता म्हणजे अज्ञान नव्हे, तो प्रामाणिकपणा आहे. अहवालात 'शक्यता' हा शब्द दिसला म्हणून डॉक्टर बदलू नका. कधी तुकडा काढून तपासल्याशिवाय खात्री होत नाही, हेही खरे.

आता माझ्या व्यवसायाबद्दल. रॅब्डोमायोमा झालेल्या बाळाला मी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या आणि वर्षभराने गाठ लहान झाली, तर लोक श्रेय मला देतील. ते श्रेय निसर्गाचे आहे. आणि त्याच गोळ्या फायब्रोमाच्या मुलाला देत वर्ष घालवले, तर गेलेला वेळ कोण परत देणार? म्हणून निदान आधी. ही गोष्ट होमिओपॅथीच्या डॉक्टरानेच सांगितलेली बरी.

तुमच्या नात्यात असा प्रसंग आला, तर बालहृदयरोगतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारा. गाठ कोणत्या प्रकारची वाटते? रक्ताच्या वाटेत किंवा ठोक्यांत अडथळा येतो का? आणि रॅब्डोमायोमा असेल, तर ट्यूबरस स्क्लेरोसिसची तपासणी झाली का? हा आजार अनेकदा तिच्या जोडीला असतो. त्यात पुढे फिट्स येऊ शकतात आणि अंगावरचे पांढुरके चट्टे ही त्याची एक खूण असते.

गाठ म्हटल्यावर धसका बसणारच. पण त्या शब्दाआधी कोणते विशेषण लागते, ते कळेपर्यंत रडू नका आणि निर्धास्तही राहू नका.