योजना आहे का, हे आधी विचारा



बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 साली, कारखाना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे दिले गेले. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. पण बारामती-इंदापूरच्या रानात खुरपणाऱ्या आपल्या माणसापर्यंत तो पोहोचला नाही.

त्याच्यासाठी आज महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये ती 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने आपल्या जिल्ह्यात आली. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. तरी आपल्या बाया डोरलं गहाण का टाकतात? कारण दवाखान्यात आपण 'खर्च किती?' एवढंच विचारतो. 'योजना आहे का?' हे विचारत नाही.

ध्यानात ठेवा, ठरावीक दवाखाने आणि ठरावीक उपचार यांनाच ही योजना लागू आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला गाठा. पैसे भरून नंतर पावत्या घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

'शिका' हा संदेश फक्त पोरांसाठी नाही. वंदनेनंतर ज्याला वाचता येतं त्याने शेजारच्या चार घरांची रेशनकार्डं पाहावीत. नव्या सुनेचं, लेकराचं नाव राहिलंय का? राहिलं असेल तर आजारपण येण्याआधी चढवून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!